पिशवीत पडदा निघाला, आता पुढे काय?

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि दिवस राहिले नाहीत, किंवा राहिले आणि तिसऱ्या महिन्यात गेले, की दादर-गिरगावातल्या एखाद्या सेंटरमध्ये सोनोग्राफी होते आणि रिपोर्टच्या शेवटी एक अवघड शब्द छापून येतो. सेप्टेट, बायकॉर्न्युएट, युनिकॉर्न्युएट, डायडेल्फिस. डॉक्टर पाच मिनिटांत समजावतात, बाई मान डोलावते, आणि घरी पोचेपर्यंत त्या सगळ्याचं एकच वाक्य उरतं: ‘पिशवीत दोष आहे.’ मग सासूबाई विचारतात, मावशी कुणा वैद्याचं नाव सुचवते, शेजारीण म्हणते लगेच ऑपरेशन करून मोकळी हो. सगळे बोलतात ते त्या एका वाक्यावर. दोष नेमका कुठल्या प्रकारचा, हे कुणी विचारत नाही. वास्तविक पुढचं सगळं त्या प्रकारावरच अवलंबून असतं. एका प्रकारात दुर्बिणीतून अर्ध्या तासाचं ऑपरेशन उपयोगी पडू शकतं, दुसऱ्यात त्याच ऑपरेशनने पिशवीला भोक पडेल, तिसऱ्यात काहीच करायचं नसतं.

आधी थोडा धीर येईल असे आकडे. जगभरातल्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात सर्वसाधारण स्त्रियांपैकी सुमारे ५.५ टक्के जणींच्या गर्भाशयाच्या रचनेत जन्मतः काही ना काही फरक आढळला. मूल होत नाही म्हणून तपासणीला आलेल्यांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के होतं, गर्भपात झालेल्यांत १३ टक्क्यांच्या आसपास, आणि दोन्ही त्रास असलेल्यांत जवळपास २४ टक्के. याचा एक अर्थ असा, की आपल्या चाळीत शंभर बायका असतील तर त्यांतल्या पाचेक जणींची पिशवी अशी असू शकते, आणि त्यांतल्या कित्येकींना दोन-तीन मुलं होऊनही त्याचा पत्ता नसतो. दुसरा अर्थ जास्त महत्त्वाचा. ५.५ आणि ८ यांत फार अंतर नाही. म्हणजे बहुतेक प्रकारांत दिवस राहायला अडचण कमी येते. अडचण येते ती राहिलेले दिवस टिकायला. तेव्हा दिवसच राहत नसतील तर रिपोर्टमधल्या त्या एका शब्दावर सगळं खापर फोडून बाकीच्या तपासण्या सोडून देऊ नका. बीज वेळेवर फुटतं का, नळ्या मोकळ्या आहेत का, थायरॉइड ठीक आहे का, आणि सगळ्यांत आधी नवऱ्याची वीर्यतपासणी. ती स्वस्त आहे, बिनदुखण्याची आहे, तरीही बाईच्या दोन-तीन तपासण्या उरकल्या तरी ती बाकीच असते. हे अजूनही चालतं, आणि चालू नये.

हा फरक येतो कुठून? मुलगी आईच्या पोटात असते तेव्हा तिचं गर्भाशय दोन बारीक नळ्यांपासून बनतं, एक डावी, एक उजवी. साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत दोन्ही खालून जवळ येत एकमेकींना चिकटतात. मधे राहिलेली भिंत विसाव्या आठवड्याच्या सुमाराला विरघळून जाते आणि एकसंध पोकळी उरते. एक नळी वाढलीच नाही, दोन्ही पुरत्या जुळल्या नाहीत, किंवा जुळल्या पण भिंत विरघळली नाही, की वेगवेगळे प्रकार तयार होतात. त्याच सुमाराला, त्याच शेजाराला मूत्रपिंडंही घडत असतात, म्हणून गर्भाशयात फरक निघाला की दोन्ही किडन्या जागेवर आहेत का हे पोटाच्या सोनोग्राफीत बघून घ्यावं. ही तपासणी पुष्कळदा राहून जाते. आणि आईने ग्रहणात विळी हातात धरली म्हणून लेकीची पिशवी अशी झाली, असं कुणी म्हणालं तर सरळ हसून सोडून द्या. ग्रहणाचा आणि आईच्या विळीचा यात काही हात नाही.

आता थोडी छाननी. जन्मजात दोष समजून घेतले जाणारे काही शेरे मुळात दोषच नसतात. ‘पिशवी उलटी आहे’ हा त्यातला पहिला. गर्भाशय पुढे झुकण्याऐवजी मागे झुकलेलं असतं, इतकाच त्याचा अर्थ. दर पाच बायकांतल्या एखादीचं तसं असतं आणि एरवी काही आजार नसेल तर मूल होण्याशी त्याचा संबंध नाही. पोट चोळून ते सरळ करून घ्यायचीही गरज नाही. ‘पिशवी लहान आहे’ हा दुसरा. मूल न झालेल्या बाईचं गर्भाशय सहा ते आठ सेंटिमीटर लांब असतं, ते मूल झालेल्या जावेच्या पिशवीपेक्षा लहान दिसणारच. माप किती आलं ते विचारा. तिसऱ्या शेऱ्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. नळ्यांच्या फोटोत पोकळी आक्रसलेली किंवा इंग्रजी टी अक्षरासारखी दिसली, तर आपल्याकडे डॉक्टरांनी गर्भाशयाच्या क्षयाचा विचार करायलाच हवा. परदेशी लेखांत टी-आकार जन्मजात दोषांच्या यादीत सापडतो, पण इथे क्षयाने आतलं अस्तर खराब होऊनही पोकळी अशी दिसते. खोकला नाही, ताप नाही म्हणून क्षय नाही असं समजायचं कारण नाही. पिशवीचा क्षय गुपचूप राहतो.

खऱ्या जन्मजात प्रकारांत सगळ्यांत जास्त घोळ होतो तो दोघांचा: सेप्टेट आणि बायकॉर्न्युएट. लालबाग-परळच्या माणसाला हे समजायला सोपं आहे. दहा बाय बाराच्या एका खोलीत मधोमध प्लायचं पार्टिशन घातलं तर आत दोन भाग होतात, पण बाहेरून गॅलरीतून बघितलं तर खोली एकच. हा सेप्टेट, म्हणजे पडदा. आणि शेजारशेजारच्या दोन खोल्या, मधली भिंत दोघांची, वरचं छप्पर वेगवेगळं, पुढे दार एक, हा बायकॉर्न्युएट. पार्टिशन काढता येतं. दोन खोल्यांमधली भिंत तोडली तर छत खाली येतं. आतून दोन्ही सारख्याच दिसतात, फरक बाहेरून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि घोळ नेमका इथेच होतो. कारण नळ्यांचा फोटो, ज्याला एचएसजी म्हणतात, त्यात औषध आतल्या पोकळीत भरून एक्स-रे काढतात. बाहेरची रेषा त्यात दिसतच नाही. दोन्ही प्रकारांत इंग्रजी व्ही अक्षरासारखी आकृती येते. एवढ्या एका फोटोवरून ‘पडदा आहे, काढून टाकू’ असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबा.

बाहेरची रेषा दिसते थ्रीडी सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये. थ्रीडी सोनोग्राफी योनीमार्गातून करतात, त्यासाठी लघवी करून जायचं असतं. पोटावरच्या सोनोग्राफीसारखं पाणी पिऊन तुंबून बसायचं नसतं. ती पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात, म्हणजे पुढची पाळी यायच्या आठ-दहा दिवस आधी केली तर चित्र चांगलं येतं, कारण तेव्हा आतलं अस्तर जाड झालेलं असतं आणि पोकळीचा आकार स्वच्छ उमटतो. एचएसजीचं उलट आहे. ती पाळी थांबल्यावर लगेच, पाळी सुरू झाल्यापासून साधारण सहाव्या ते दहाव्या दिवशी करतात, म्हणजे आत नुकताच राहिलेला गर्भ असण्याची शक्यता उरत नाही. त्या महिन्यात तोवर संबंध टाळायचे. ती दुखते. डॉक्टरांना विचारून तासभर आधी दुखण्याची गोळी घेऊन जावं, आणि सोबत कुणाला तरी न्यावं. लग्न न झालेल्या मुलीला योनीमार्गाची तपासणी नको असेल तर तिच्यासाठी एमआरआय हा चांगला पर्याय आहे.

थ्रीडीचं ते चित्र जरा नीट बघायला शिका, कारण रिपोर्टमधला शब्द त्यावरच ठरतो. गर्भाशय समोरून कापून उभं धरल्यासारखं दिसतं. वरची बाहेरची कड सपाट किंवा फुगीर असेल आणि आतल्या पोकळीत वरून खाली एक सोंड उतरलेली असेल, तर तो पडदा. बाहेरचीच कड मधोमध एक सेंटिमीटरपेक्षा जास्त खोल दबली असेल, तर तो बायकॉर्न्युएट. आतला खळगा उथळ असेल तर आर्क्युएट, आणि त्याला बहुतेक तज्ज्ञ दोष मानत नाहीत. इथे एक भानगड आहे. युरोपातल्या संस्थांनी २०१३ साली केलेलं वर्गीकरण आणि अमेरिकेतल्या संस्थेचं वर्गीकरण यांची मापं वेगवेगळी आहेत. युरोपच्या नियमाने आतला खळगा गर्भाशयाच्या भिंतीच्या जाडीच्या निम्म्याहून खोल गेला की तो पडदा. अमेरिकेच्या २०२१ च्या नियमाने खोली एक सेंटिमीटरहून जास्त आणि कोन नव्वद अंशांहून कमी, असं दोन्ही लागतं. त्यामुळे एकच पिशवी एका सेंटरच्या कागदावर सेप्टेट आणि दुसऱ्याच्या कागदावर जवळजवळ नॉर्मल असू शकते. दोन डॉक्टरांत एकमत नाही म्हणजे कुणीतरी फसवतंय, असं दर वेळी नसतं. ‘खळगा किती मिलिमीटर आहे आणि बाहेरची कड कशी आहे?’ एवढं विचारलंत की नावांचा गोंधळ निम्मा संपतो.

समजा पडदाच आहे, तर काढायचा का? दुर्बिणीतून, पोटावर काप न देता, पाळीनंतरच्या दिवसांत हे ऑपरेशन होतं आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी जाता येतं. सोपं वाटतं, आणि म्हणूनच ते गरजेपेक्षा जास्त होतं, असं माझं मत आहे. पडदा असलेल्या बायकांमध्ये गर्भपाताचं प्रमाण जास्त असतं, ही गोष्ट बऱ्याच अभ्यासांत दिसली आहे. पण पडदा काढल्याने मूल होण्याची शक्यता वाढते का, हे चिठ्ठ्या टाकून दोन गट करून तपासणारा अभ्यास फार उशिरा झाला. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या त्या अभ्यासासाठी आठ वर्षं खपून जेमतेम ८० बायका मिळाल्या. २०२१ साली निकाल आला. ऑपरेशन केलेल्यांत ३१ टक्के जणींना मूल झालं, न केलेल्यांत ३५ टक्के जणींना. इतक्या छोट्या गटावरून ऑपरेशन निरुपयोगी म्हणता येत नाही, आणि अनेक अनुभवी सर्जन तसं मानतही नाहीत. पण ‘काढलाच पाहिजे’ असं छातीठोक सांगायला मात्र आधार उरत नाही. मग व्यवहार काय? पडदा योगायोगाने सापडला, आजवर एकही गर्भपात नाही आणि प्रयत्न सुरू करून सहा महिनेच झालेत, तर घाई नको. लागोपाठ दोन-तीन गर्भपात झालेत, बाकी तपासण्या नीट आहेत आणि पडदा खोल आहे, तर ऑपरेशनचा विचार रास्त आहे. त्यात पिशवीला भोक पडणं आणि नंतर आत चिकटपणा येणं असे थोडे धोके असतात. पुढच्या गरोदरपणात पिशवी फाटण्याचा धोकाही अगदी विरळ, पण असतो. म्हणून पुढे कुठेही बाळंतपणाला गेलात तरी या ऑपरेशनचा कागद दाखवायचा. नंतर एक-दोन महिने थांबून पुन्हा प्रयत्न करता येतो. फेरतपासणीत पडद्याचा सेंटिमीटरभराहून कमी तुकडा राहिलेला दिसला तर त्यासाठी दुसरं ऑपरेशन लागत नाही.

बायकॉर्न्युएट आणि डायडेल्फिस यांत बहुधा काही कापायचं नसतं. डायडेल्फिसमध्ये दोन वेगळी गर्भाशयं, दोन तोंडं, कधी कधी योनीतही उभा पडदा असतो. नाव ऐकून घाबरायला होतं, पण अशा पुष्कळ बायका व्यवस्थित बाळंत होतात. दिवस पुरे भरण्याआधी कळा येण्याची आणि बाळ आडवं किंवा पायाळू असण्याची शक्यता मात्र वाढते. पूर्वी पोट उघडून दोन शिंगं, म्हणजे पिशवीचे वर वेगळे राहिलेले दोन भाग, जोडण्याची शस्त्रक्रिया होत असे. आज तिची वेळ क्वचितच येते, आणि कुणी ती सुचवली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावंच.

युनिकॉर्न्युएटकडे सगळ्यांत बारकाईने लक्ष द्यावं. त्यात एकाच बाजूचं, म्हणजे अर्धंच गर्भाशय असतं. जागा कमी, म्हणून गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि बाळाची वाढ कमी राहणं हे तिन्ही जास्त दिसतं. दुसऱ्या बाजूला पुष्कळदा एक अर्धवट वाढलेलं शिंग असतं, आणि त्यात पोकळी असेल तर ते धोक्याचं. क्वचित गर्भ त्यात रुजतो. ते शिंग ताण सोसू शकत नाही आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात फुटतं. अचानक पोटात असह्य दुखणं, चक्कर, घाम, चेहरा पांढराफटक पडणं: असं झालं तर रिक्षा-टॅक्सी जी मिळेल ती धरून मोठं हॉस्पिटल गाठायचं. गोळी घेऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही. म्हणून युनिकॉर्न्युएट म्हटलं की ‘दुसऱ्या बाजूला शिंग आहे का, त्यात पोकळी आहे का?’ हा प्रश्न विचारा. असेल तर दिवस राहण्याआधीच ते दुर्बिणीने काढून टाकतात. आणि अशा बाईला दिवस राहिले, की सहाव्या-सातव्या आठवड्यातच सोनोग्राफी करून गर्भ योग्य जागी आहे ना, हे पक्कं करायचं. या प्रकारात एका बाजूची किडनी नसण्याचं प्रमाणही मोठं असतं. किडनी एकच असेल तर गरोदरपणात रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.

‘मग सरळ टेस्ट ट्यूब करू या का?’ हा प्रश्न परळमध्ये हमखास येतो, आणि त्याला कारण आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम हॉस्पिटलमध्ये जन्मलेली मुलगी ही शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेली भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळमधल्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचं ते काम. तेव्हापासून या भागातल्या माणसाला वाटतं की बाकी सगळं फसलं तरी आयव्हीएफ आहेच. पण आयव्हीएफने बीजाचा आणि नळ्यांचा प्रश्न सुटतो. बनलेला गर्भ शेवटी त्याच पिशवीत सोडायचा असतो. जागा कमी असेल तर ती कमीच राहते. आयव्हीएफ करायचंच ठरलं, तर एका वेळी एकच गर्भ सोडायचा आग्रह धरा. दोन गर्भ सोडले तर मूल होण्याची शक्यता वाढते म्हणतात, पण अर्ध्या पिशवीत जुळी म्हणजे सातव्या महिन्यात काचेच्या पेटीतली बाळं.

आता दिवस राहिले आहेत असं धरू. बाळंतपण कुठे करायचं हे तिसऱ्या महिन्यातच ठरवा. लालबाग, परळ, काळाचौकीतल्या पुष्कळ घरांत अजूनही पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गावी करायची रीत आहे. सातव्यात ओटी भरली की पोरगी गावाला. एरवी त्यात वावगं काही नाही. पण पिशवीत फरक असलेल्या बाईला कळा आठव्या महिन्यातच सुरू होऊ शकतात, आणि तेव्हा जवळ नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग हवा. तो गावात नसतो. परळला १९२६ साली केईएम आणि नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह दोन्ही सुरू झाली, त्यातलं वाडिया तर गिरणी कामगारांच्या बायका डोळ्यांसमोर ठेवून. अशी हॉस्पिटलं चालत जाण्याच्या अंतरावर असताना बाळंतपणाला घाट ओलांडून का जायचं? आईला इकडे बोलावून घ्या. गणपतीला गावी जायचं असेल तर पाचव्या-सहाव्या महिन्यात डॉक्टरांना विचारून आणि फाईल सोबत घेऊन जा. एसटीच्या धक्क्याने गर्भ पडत नाही. वाटेत काही झालं तर जवळ काय आहे, हा खरा प्रश्न.

तसाच जिन्याचा. गिरगावातल्या चाळीत तिसरा मजला, लाकडी जिना, लिफ्ट नाही, आणि घरचे म्हणतात नऊ महिने खाली उतरायचं नाही. जिना चढण्याने गर्भपात होतो याला आधार नाही, आणि पलंगावर पडून राहिल्याने तो टळतो यालाही नाही. उलट पडून राहिल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती असते. रक्तस्राव होत असेल किंवा डॉक्टरांनी कारण देऊन विश्रांती सांगितली असेल तर गोष्ट वेगळी.

सोळाव्या ते चोविसाव्या आठवड्यांत योनीमार्गातून सोनोग्राफी करून गर्भाशयाच्या तोंडाची लांबी मोजून घ्यावी. पंचवीस मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर ते आखूड. तिथे टाका घालायचा की प्रोजेस्टेरॉन द्यायचं, हे मागच्या इतिहासावर ठरतं. हा टाका आपल्याच माणसाचा आहे. गोव्यात शिरोडा इथे १८९९ साली जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलात काम केलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ साली तो प्रसिद्ध केला. चौथ्या-पाचव्या महिन्यात पुन्हा पुन्हा गर्भ जाणाऱ्या बायकांच्या मांडीतल्या पातळ, चिवट आवरणाची पट्टी काढून ती ते गर्भाशयाच्या तोंडाभोवती वरच्या बाजूला वेढून बांधत. पुढे मांडीच्या पट्टीऐवजी कृत्रिम धाग्याची फीत आली, पण शिरोडकरांचं नाव जगभरच्या प्रसूतिगृहांत आजही घेतलं जातं. मात्र पिशवी वेगळी आहे एवढ्याच कारणासाठी प्रत्येकीला टाका घालणं बरोबर नाही. तोंड आखूड होतंय किंवा मागचं बाळ अशाच वेळी गेलंय, तेव्हा त्याचा उपयोग. सरसकट टाका घालणाऱ्यांना ‘माझी लांबी किती आली?’ एवढं जरूर विचारा.

अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून तीन-चार आठवड्यांनी बाळाची वाढ बघायची. वेळेआधी कळा येण्याची चिन्हं दिसली, म्हणजे ठरावीक अंतराने पोट घट्ट होणं, कंबर दुखणं, पाणी जाणं, तर ताबडतोब दाखवायचं, कारण बाळाची फुप्फुसं पक्की होण्यासाठीचं इंजेक्शन वेळेत मिळालं तरच कामाचं. बाळ पायाळू राहण्याची शक्यता या पिशव्यांत जास्त. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की पाठदुखी जाते असं आपल्याकडे मानतात, तेव्हा घरात एक बिनपैशाचा वैद्य येणार म्हणा. बाळ पायाळू असेल तर बहुधा सिझेरियन होतं. पण डोकं खाली असेल आणि बाकी ठीक असेल, तर पिशवी वेगळी म्हणून सिझेरियनच हवं असा नियम नाही.

एका प्रकाराबद्दल उघडपणे बोललं जात नाही. दर साडेचार-पाच हजार मुलींत एकीला गर्भाशयच नसतं किंवा अगदी नाममात्र असतं. याला एमआरकेएच म्हणतात. बीजकोश व्यवस्थित असतात, अंगाची वाढ नीट होते, पाळी मात्र येत नाही. मुलगी पंधरा वर्षांची झाली आणि पाळी आली नाही, तर ‘येईल उशिरा, माझीही उशिरा आली होती’ म्हणत बसू नका, दाखवा. पाळी येते पण दर महिन्याला दुखणं वाढतच चाललंय, गोळीने थांबत नाही, तेही दाखवा. एका बाजूचा मार्ग बंद असून रक्त आत साठत असू शकतं. एमआरकेएच असलेल्या मुलीच्या बाबतीत योनीमार्गासाठी पहिला उपाय ऑपरेशनचा नसतो. डायलेटर नावाचं साधन रोज वापरून हळूहळू मार्ग तयार करता येतो, आणि बहुतेक जणींना तेवढं पुरतं. लग्न ठरवताना हे लपवण्याचा सल्ला देणारे नातेवाईक असतात. त्यांचं ऐकू नका.

अशा बाईला स्वतःच्या बीजाचं मूल सरोगसीने होऊ शकतं. २०२१ चा सरोगसी कायदा पैसे घेऊन केलेल्या सरोगसीला मनाई करतो. सरोगेट बाई विवाहित किंवा कधीकाळी विवाहित असलेली, स्वतःचं मूल असलेली आणि २५ ते ३५ वयाची लागते. मूल हवं असलेल्या जोडप्यात बायको २३ ते ५० आणि नवरा २६ ते ५५ वर्षांचा हवा. गर्भाशय नसणं हे २०२२ च्या नियमांत वैद्यकीय कारण म्हणून स्पष्ट लिहिलं आहे, आणि लहान युनिकॉर्न्युएट गर्भाशयाचा उल्लेखही त्याच कलमात आहे, हे बऱ्याच जोडप्यांना माहीत नसतं. २०२३ मध्ये नियम बदलून दात्याचं बीज वापरायला बंदी आली, तेव्हा दात्याच्या बीजाची गरज असलेली, एमआरकेएच असलेली एक स्त्रीच सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला दिलासा मिळाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने नियम सैल केला. आता जिल्हा वैद्यकीय मंडळाने तशी गरज प्रमाणित केली तर जोडप्यापैकी एकाचं बीज दात्याचं चालतं.

गर्भाशय प्रत्यारोपणाच्या बातम्या वाचून आशा लावणारेही असतात. स्वीडनमध्ये २०१४ साली प्रत्यारोपित गर्भाशयातून जगातलं पहिलं मूल जन्मलं, आणि त्या आईला जन्मतः गर्भाशय नव्हतं. पुण्याच्या गॅलॅक्सी केअर हॉस्पिटलमध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकाने मे २०१७ मध्ये भारतातलं पहिलं प्रत्यारोपण केलं. सोलापूरकडच्या त्या मुलीला जन्मतः गर्भाशय नव्हतं आणि तिला तिच्या आईचं दिलं. तिथेच ऑक्टोबर २०१८ मध्ये जे बाळ जन्मलं, ते दुसऱ्या बाईचं. तिचं गर्भाशय नंतर खराब झालेलं होतं, जन्मजात दोष नव्हता. मोठी शस्त्रक्रिया, देणारीलाही तितकीच मोठी, आणि वर्षानुवर्षं प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं: सध्या तरी हा मोजक्यांचा मार्ग आहे.

शेवटी फाईलबद्दल. एमआरआयची सीडी, थ्रीडीची चित्रं, दुर्बिणीच्या ऑपरेशनची नोंद, सगळं एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि केसपेपर काढताना सोबत न्या. गर्भपातानंतर पिशवी साफ करायची वेळ आली, तर सोनोग्राफीवर बघत बघत करा असं आवर्जून सांगा, नाहीतर एक बाजू साफ होते आणि दुसरी राहून जाते. मुलं झाल्यानंतर कॉपर टी बसवायला जाल तेव्हाही तो फोल्डर दाखवा. दोन पोकळ्यांच्या पिशवीत टी एका बाजूला बसते, आणि दिवस दुसऱ्या बाजूला राहतात.